लहरी

तीस वर्षं मी जहाजांवर बिनतारी यंत्राशी बसलो.
बिस्केच्या उपसागरात, वादळात,
कुण्या बुडत्या होडीची कुजबुज
कानाच्या चिमटीत धरून ठेवली, उजाडेपर्यंत.
आणि आता लिएपायातल्या या दोन खोल्यांत,
पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत,
मोजून अकरा पावलं,
मला सिग्नल पोचवता येत नाही.

राउटर पांढरा, साबणाच्या डबीएवढा.
अंगावर चार दिवे. तीन हिरवे,
चौथा मनात येईल तेव्हा लाल.

साडेनऊला गिर्त्स लिमरिकहून फोन करतो.
पडद्यावर तो, मागे भिंतीला टेकलेली नातीची सायकल.
"बाबा, मी तुम्हाला सांगणार होतो की"
आणि तिथंच तो थिजतो,
तोंड उघडं, एक डोळा अर्धवट मिटलेला,
बर्फाखालच्या माशासारखा.
परत जोडला जातो तोवर
काय सांगणार होता ते त्यालाही आठवत नाही.

केबल बदलली. बदललेली केबल पुन्हा बदलली.
राउटर कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला,
पावाच्या डब्यावर ठेवला,
एक रात्र त्याच्यामागे ॲल्युमिनियमच्या कागदाची
प्रभावळसुद्धा लावली. देव काही पावला नाही.

कंपनीला फोन. बावीस मिनिटं व्हायोलिन.
मग एवेलीना नावाची मुलगी, आवाज नुकती इस्त्री केलेला:
"एकदा बंद करून चालू करून पाहिलंत का?"
बाई गं, म्हटलं, इतक्यांदा केलंय
की त्याला आता तो श्वासोच्छ्वास वाटत असेल.
"तरी एकदा."
केलं. चारही दिवे हिरवे,
माझ्या नाकावर टिच्चून हिरवे.

शेवटी जुन्या सवयीनं वही काढली.
सोमवार, २१.४०, लाल.
मंगळवार, २१.४१, लाल. वारा पश्चिमेचा.
बुधवार, २१.४०. ट्राम गेलेली नाही, पाऊस नाही, लाल.
तीन मिनिटांनी आपोआप हिरवा.
बिघाड वक्तशीर होता.
इतका वक्तशीर बिघाड म्हणजे बिघाड नव्हे,
माणूस.

गुरुवारी श्वास रोखून बसलो, अंधारात.
दिवा लालचा हिरवा झाला
त्याच क्षणी छतातून बारीकसं
टिंग.

वरच्या मजल्यावर स्काइद्रीतेबाई,
साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म गेला.
रोज रात्री वाडगाभर ओटची पेज
मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात, तीन मिनिटं.
म्हणजे माझा मुलगा
त्यांच्या पेजेत विरघळत होता.

बोललो नाही. काय बोलणार?
तुमच्या जेवणाच्या लहरी माझ्या लहरींना आडव्या येतात?
गिर्त्सला फक्त कळवलं, पावणेदहाला करत जा.
त्याआधी चहा टाकायचा,
लाल दिव्याकडे बघत म्हणायचं, बसल्या जेवायला.

फेब्रुवारीतली ती रात्र. रस्त्यावर काच पसरल्यासारखा बर्फ.
नऊ चाळीस. हिरवा.
नऊ त्रेचाळीस. हिरवा.
पावणेदहाला गिर्त्स आला, इतका स्वच्छ
की त्याच्या दाढीतले पांढरे केस मोजता यावेत.
नवी नोकरी, घराचं भाडं, सायकलचा पंक्चर,
एक शब्द तुटला नाही
आणि एकही माझ्या कानात शिरला नाही.
नऊ बावन्न. हिरवा, हिरवा, हिरवा.

फोन साखरेच्या बरणीला टेकवून तसाच ठेवला.
रिकाम्या खुर्चीशी तो बोलत राहिला असणार.
बत्तीस पायऱ्या. गुडघ्यानं प्रत्येकीची नोंद घेतली.
दार वाजवलं. काही नाही.
पुन्हा वाजवलं, मुठीनं.

दार उघडलं. अंगात लोकरीचं जाकीट, हातात वाडगा,
चेहऱ्यावर राग.
"मेलं चालतच नाही. आत उजेड पडतो,
पण ताटली फिरत नाही, काही तापत नाही.
तुम्ही रेडिओवाले ना? बघा जरा."

मी बघितलं. म्हणजे समोर उभा राहिलो.
मागून बघितलं, वाकून बघितलं,
अंगावर थाप मारून बघितली.
आणि मग माझ्याच तोंडून,
नुकत्या इस्त्री केलेल्या आवाजात:
"एकदा बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"तीनदा," त्या म्हणाल्या.